कॅन्सरचे दावे : मूळ कुठे आणि घसरण कुठे?

डोंगरकुस

घरोघरच्या ग्रुपवर कॅन्सरचे तेच ते संदेश फिरत असतात. साखर बंद करा, गाठ उपाशी मरते. सोडा-लिंबू घ्या, शरीर अल्कलाइन झालं की कॅन्सर टिकत नाही. लक्ष्मणफळ केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी. जर्दाळूच्या बियांत 'बी १७' असतं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, म्हणून बायोप्सी टाळा.

यावर "हे खोटं आहे" एवढंच लिहिलं तर कुणी ऐकत नाही. वाचणारा विचारतो, मग १०,००० हा आकडा आला कुठून? पेट स्कॅनच्या (शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) आधी साखरच टोचतात ना? प्रश्न रास्त आहेत. बहुतेक दाव्यांच्या बुडाशी एखादी खरी गोष्ट असते आणि पुढे ती कुठेतरी घसरते. ती जागा बोट ठेवून दाखवता यायला हवी. जाणकारांनी एकेक दावा घेऊन सविस्तर लिहावं ही विनंती. "डॉक्टरांना विचारा" हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या पुढचं हवंय.

प्रयोगवही

लक्ष्मणफळापासून सुरुवात करतो (कुणी हनुमानफळ म्हणतं, कुणी मामफळ), कारण तो आकडा खरोखर छापून आलेला आहे. १९९६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या फळाच्या बियांमधून सिस-ॲनोनासिन नावाचं रसायन वेगळं काढलं. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर ते ॲड्रियामायसिन या केमोच्या औषधापेक्षा १०,००० पट तीव्र निघालं. म्हणजे तेवढाच परिणाम दिसायला त्याचं प्रमाण दहा हजाराव्या भागाइतकं पुरलं.

आता शब्द नीट बघा. बियांमधलं. शुद्ध करून वेगळं काढलेलं. बशीतल्या पेशींवर. संदेशात यातला एकही शब्द उरत नाही, उरतं ते 'फळ' आणि '१०,००० पट'. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात. औषध ठरायला ते रक्तातून गाठीपर्यंत पुरेसं पोचावं लागतं आणि मज्जा (हाडांतली, रक्त बनवणारी), यकृत, नसा शाबूत राहाव्या लागतात. याच कुळातल्या रसायनांबद्दल कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावरून १९९९ साली आलेली नोंद मात्र कुणी पुढे ढकलत नाही. तिथे हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त आढळला होता. त्यांतलं ॲनोनासिन चेतापेशींनाही मारतं. आवडतं म्हणून अधूनमधून फळ खाणं आणि पानांचा काढा रोज महिनोन्‌महिने घेणं यांत फार फरक आहे.

रानवाटा

'प्रयोगवही' यांच्या मुद्द्याला जोडून आपल्या अंगणातली आणि आपल्या रानातली अशी दोन झाडं घेतो. दोन्हींपासून खरीखुरी कॅन्सरची औषधं निघाली आहेत, म्हणूनच दावा कुठे घसरतो ते इथे स्पष्ट दिसतं.

पहिली सदाफुली. मधुमेहाला रोज पाच फुलं-पानं चावून खा, कॅन्सरही होत नाही, असं सांगितलं जातं. कॅनडात १९५०च्या दशकात नोबल आणि बिअर या संशोधकांनी मधुमेहाचं औषध म्हणूनच तिच्या पानांचा अर्क तपासायला घेतला. उंदरांना तोंडाने दिला तर साखर हललीच नाही. टोचून दिला तेव्हा पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की उंदीर जंतुसंसर्गाने मेले. पांढऱ्या पेशी उतरवणारं काही असेल तर ते रक्ताच्या कॅन्सरवर चालेल, या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन मिळालं. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात. व्हिन्क्रिस्टिनचा डोस शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम धरतात आणि एका वेळी बहुधा २ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, कारण त्यापुढे हातापायांच्या नसा आणि आतड्याची हालचाल यांवर परिणाम होतो. ते फक्त शिरेतून द्यायचं. शिरेबाहेर गळलं तर तिथली त्वचा आणि मांस जळतं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस सहसा वाचत नाही. सदाफुलीच्या पाच पानांत नेमकं किती असतं, हे पान खाणाऱ्यालाही माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही.

दुसरं झाड म्हणजे सह्याद्रीतला नरक्या, काही भागांत त्याला अमृता म्हणतात. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, त्याच्या लाकडासाठी आपली जंगलं चोरून तोडली गेली. हे रसायन मुळात १९६६ साली एका चिनी झाडात सापडलं. १९७०च्या सुमारास ते विरघळेल अशा क्षाराच्या (रसायनशास्त्रातल्या 'मिठाच्या') रूपात रुग्णांना दिलं गेलं आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. मज्जा दबली, जुलाब लागले आणि लघवीतून रक्त जाऊ लागलं. कारण मोठं लक्षात ठेवण्यासारखं आहे. मीठ केलं की रेणूतलं एक कडं उघडतं, मग तो विरघळतो पण निष्प्रभ होतो. लघवी आम्लधर्मी असते, तिथे ते कडं पुन्हा मिटतं आणि औषध नेमकं मूत्राशयात जागं होतं. रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान तयार झाली, दोन्हींना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. मधली पंचवीस-तीस वर्षं या दुरुस्तीत गेली. 'झाडाची साल उकळून प्या' म्हणणारा माणूस आपल्याला १९७०च्या चाचणीत परत बसवतो, तेही रक्ततपासणीशिवाय.

शेवगा

+१. नैसर्गिक विरुद्ध केमिकल ही विभागणीच चुकीची आहे हे इतकं स्पष्ट करून कुणी सांगितलं नव्हतं.

वैद्य_तळकोकण

रानवाटा, माहिती उत्तम. पण यावरून 'आयुर्वेद म्हणजे काढे उकळणारे' असा सूर लागू नये. तोंड आलेल्या रुग्णाला गुळण्या, बद्धकोष्ठ, झोप, भूक यांत सौम्य उपचारांना जागा आहे आणि काही मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत असे पूरक विभागही आहेत. माझा आग्रह दोन गोष्टींचा. रुग्ण काय घेतोय ते केमो देणाऱ्याला नावानिशी कळलं पाहिजे, आणि केमो चालू असताना घटक न छापलेली पुडी बंद. पारा-शिसं असलेली रसौषधी तर त्या काळात नकोतच.

हळदीबद्दल थोडं, कारण तो दावा वर आलेला नाही. हळदपुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. चहाचा चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत ९० मिलिग्रॅमच्या आसपास. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरच्या एका छोट्या चाचणीत रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. तेवढ्यासाठी रोज पाव किलोहून जास्त हळदपूड खावी लागेल. इतकं देऊनही रक्तात ते फारच कमी पोचलं आणि २५ पैकी दोघांमध्ये काहीएक परिणाम दिसला. शोषण वाढावं म्हणून गोळ्यांत मिरीतलं पाइपरिन घालतात. पण पाइपरिन यकृतातली औषधं मोडणारी विकरंही अडवतं, मग केमोच्या औषधाची रक्तातली पातळी अंदाजापेक्षा वर जाऊ शकते. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजी-आमटीतली हळद निर्धास्त खा. प्रश्न गोळ्यांचा आहे.

प्रयोगवही

वैद्यबुवा, पटलं. त्यात गुळवेलही जोडा. करोनाकाळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते.

वैद्य_तळकोकण

त्यावर वाद झाला होता. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली जाते असं अनेकांचं म्हणणं. पण रुग्णाच्या दृष्टीने निष्कर्ष तोच राहतो. वेल कुठली हे पिणाऱ्याला ओळखता येत नाही. रक्तातलं बिलिरुबिन (यकृत बिघडल्याची खूण) चढलं की इरिनोटेकान, ॲड्रियामायसिन, व्हिन्क्रिस्टिन यांचा डोस कमी करावा लागतो किंवा केमोची पाळीच पुढे ढकलावी लागते.

ताटवाटी

साखरेचं घेते. बुडाशी खरी गोष्ट आहे. १९२०च्या दशकात ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ग्लुकोज झपाट्याने ओढतात आणि ऑक्सिजन असतानाही त्याचं लॅक्टेट (लॅक्टिक आम्ल) करतात. पेट स्कॅन याच सवयीचा फायदा घेतो. त्यात टोचतात ते किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज, तेही अगदी नगण्य मात्रेत. पण त्याच स्कॅनमध्ये मेंदूही लखलखतो, कारण त्यालाही ग्लुकोज लागतं, दिवसाला सुमारे १२० ग्रॅम.

घसरण इथे आहे. ताटातली साखर बंद केली तरी रक्तातली साखर शून्यावर येत नाही. यकृत आपल्या साठ्यातून, आणि तो संपला की स्नायूंची प्रथिनं मोडून ग्लुकोज तयार करतं. गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो, शिवाय ती ग्लुटामिन (प्रथिनांतला एक घटक) आणि चरबीवरही भागवते. उपाशी राहतो तो रुग्ण. दंड-मांड्या उतरतात, वजन घटतं, केमो सोसत नाही.

उपचार चालू असताना साधारण हिशोब असा धरतात. किलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं झाली. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, पेलाभर दुधात ६-७, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाण्यांत ७-८, ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीच्या वरणात साडेसहा. नुसत्या पेज-फळांवर ठेवलेल्या माणसाला यातलं निम्मंही मिळत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशोब बदलतो.

खडीसाखर

पण ताई, साखर सोडून बिघडतं काय? वजन वाढलं की कॅन्सरचा धोका वाढतो हे तर मान्य आहे ना?

ताटवाटी

मान्यच. अति लठ्ठपणाचा संबंध निदान १३ प्रकारच्या कॅन्सरशी लागलेला आहे. निरोगी माणसाने सरबतं, मिठाया कमी केल्या तर चांगलंच. माझं म्हणणं उपचार चालू असलेल्या माणसाबद्दल आहे. त्याला चव लागत नसते, दोन घास शिऱ्याचे जात असतात, आणि घरचे 'साखर आहे' म्हणून तीही वाटी उचलतात. त्या दिवशी पोटात जाणाऱ्या कॅलरीच जास्त मोलाच्या. मधुमेह असेल तर साखर औषधाने आटोक्यात ठेवा, पण अन्न तोडू नका.

लिटमस

अल्कलाइनचा दावा तपासायला सगळ्यात सोपा. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी ज्या द्रवात वाढवतात त्याचा पीएच (आम्लतेचं माप; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कलाइन) ७.४ ठेवतात, म्हणजे किंचित अल्कलाइन. तिथे त्या मजेत वाढतात. एवढं एक वाक्य पुरावं.

गाठीच्या आसपास आम्लता असते हे खरं, पण ती गाठीनेच सोडलेल्या लॅक्टेटमुळे. धुरामुळे आग लागली असं म्हणण्यातला हा प्रकार. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतो. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडं बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा क्षार) राखून तो सांभाळतात. लिंबू स्वतः पीएच २च्या आसपास. त्यातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि जास्तीचं लघवीतून जातं. म्हणून लघवीत बुडवलेली पट्टी रंग बदलते आणि माणसाला वाटतं 'शरीर' अल्कलाइन झालं.

लिंबूपाणी प्या, मळमळीत बरं वाटतं. सोडा मात्र नको. चमचाभर खाण्याच्या सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, तर दिवसभराची शिफारसच २ ग्रॅमच्या आत आहे. दिवसातून तीन-चार वेळा घेतला तर पोटॅशियम उतरतं, हातपाय वळतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उलट्या-जुलाबांनी आधीच पोटॅशियम उतरलेल्या केमोच्या रुग्णात हे झटकन होतं.

प्रयोगवही

जर्दाळूच्या बियांचं राहिलं. त्यातलं अमिग्डालिन जीवनसत्त्व नाही. ते मिळालं नाही म्हणून कोणताही आजार होत नाही, त्यामुळे 'बी १७' हे नाव निव्वळ विक्रीसाठी. आतड्यातल्या जंतूंची विकरं त्याचं विघटन करतात तेव्हा सायनाइड सुटतं. म्हणून टोचण्यापेक्षा तोंडाने घेणं जास्त धोक्याचं. अमेरिकेत १७८ रुग्णांना ते नीट मोजून देऊन पाहिलं, निष्कर्ष १९८२ साली छापले. गाठी आटल्या नाहीत, आयुष्य वाढलं नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. या बियांबरोबर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या सुचवतात, त्याने सायनाइड आणखी सुटतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली सांगितलं की मोठ्या माणसाने एका वेळी तीनहून जास्त लहान कच्च्या बिया खाल्ल्या तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाते. संदेशांत तर दिवसाला मूठभर सांगतात. डोकं दुखणं, गरगरणं, उलटी, धाप अशी लक्षणं केमोचीच समजली जातात, हा मोठा घोळ. दवाखान्यात बियांचा उल्लेख आधी करा.

काचपट्टी

बायोप्सीवर जरा लांब लिहिते, कारण माझ्या मते या यादीतला सगळ्यात जास्त नुकसान करणारा दावा हाच आहे. बाकीच्यांत पैसा आणि ताकद जाते, यात निदानच होत नाही.

सुईच्या वाटेवर पेशी सांडणं शक्य आहे, पण बहुतेक गाठींत ते फार विरळ. जिथे धोका खरा आहे तिथे आम्ही आधीच वेगळं वागतो. वृषणाची गाठ असेल तर अंडकोशातून सुई घालत नाहीत, जांघेतून शस्त्रक्रिया करून अख्खं वृषण काढतात. सिरोसिस असलेल्या (जुन्या इजेने कडक झालेल्या) यकृतातली ठरावीक ठेवणीची गाठ सीटीवरूनच ओळखतात. हातापायाच्या मांसल भागातली मोठी गाठ असेल तर सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या रेषेतच घेतात, म्हणजे ती वाटही गाठीबरोबर निघते. मग 'बायोप्सीनंतर वाढला' असं का दिसतं? वेगाने वाढणारी गाठ असते म्हणूनच माणूस सुईपर्यंत येतो. रिपोर्ट आल्यावर घाबरून दोन-तीन महिने इकडेतिकडे जातात, तेवढ्यात ती वाढते आणि दोष सुईला लागतो.

खरं नुकसान कुठे होतं ते सांगते.

गाठ 'साधीच आहे' म्हणून गावात काढली आणि तपासायला न पाठवताच टाकून दिली. वर्षभराने ती परत उगवते तेव्हा आधी काय होतं हे कळायला काही हातात नसतं. काढलेली प्रत्येक गाठ हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) गेलीच पाहिजे.

दुसरं, तुकडा सलाइनमध्ये किंवा नुसत्या बाटलीत पाठवणं. त्यात पेशी सडतात. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन (तुकडा टिकवणारा द्रव) हवं, तुकड्याच्या निदान दहापट, आणि रुंद तोंडाच्या डब्यात. अरुंद बाटलीत कोंबलेली गाठ घट्ट झाली की बाहेर निघत नाही. स्तनाची मोठी गाठ न चिरता तशीच टाकली तर फॉर्मलिन आत पोचायला वेळ लागतो आणि मधला भाग कुजतो. स्तनाच्या बाबतीत काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये आणि तिथे ६ ते ७२ तास, हा नियम आहे. तो चुकला की हार्मोन आणि हर-टू (कॅन्सरच्या पेशीवरचं एक प्रथिन) तपासण्या बेभरवशाच्या होतात आणि त्यांवरच पुढचं औषध ठरतं.

तिसरं, फक्त एफएनएसीवर थांबणं. बारीक सुईने सुट्या पेशी मिळतात, रचना कळत नाही. लिम्फोमासारख्या (लसीकाग्रंथींच्या कॅन्सरसारख्या) आजारात अख्खी गाठ किंवा जाड सुईचा तुकडा लागतो.

अँटेना

मोबाइल टॉवरचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे म्हणतात.

लिटमस

आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने) २०११ साली रेडिओलहरी '२ब', म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक' गटात टाकल्या. या गटांवरून पुरावा किती पक्का हे कळतं, धोका किती मोठा हे कळत नाही. गट १ मध्ये तंबाखूही आहे आणि प्रक्रिया केलेलं मांसही, पण दोघांचा धोका सारखा नाही. रेडिओलहरींत डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते, आणि २०२४ साली ६३ अभ्यास एकत्र पाहिलेल्या आढाव्यात मेंदूच्या कॅन्सरशी संबंध दिसला नाही. सोसायट्या टॉवर हटवायला मोर्चे काढतात आणि त्याच सोसायटीच्या फाटकाशी पानटपरी असते.

खोबण

टपरीचा विषय निघालाच आहे तर कारणांबद्दल. आपल्याकडचे घातक दावे 'अमुकने कॅन्सर होतो' असे नसून 'अमुकने काही होत नाही' असे आहेत. मिशरीने दात बळकट होतात. नुसती सुपारी पाचक असते. पानमसाल्यात तंबाखू नाही म्हणजे चालतं.

मिशरी म्हणजे तव्यावर जाळलेला तंबाखू. तंबाखूतली कॅन्सरकारक नायट्रोसामाइन्स असतातच, जाळल्याने बेंझोपायरीनसारखी धुरातली रसायनं वर पडतात. दात दुखायचा थांबतो तो बधिर होतो म्हणून, खालची कीड वाढतच राहते. चुना लावला की निकोटिन पटकन शोषलं जातं आणि गालाची त्वचा सोलवटते. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरकारक ठरलेली आहे. तिच्यातल्या आरेकोलिनमुळे गालाखाली तंतू साठतात, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली तेव्हा मसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळू लागले, ग्राहक हातावर एकत्र करतो. परिणाम तोच.

तपासणी महिन्यातून एकदा, आरशासमोर, बॅटरी घेऊन. कवळी काढा, चूळ भरा. आधी स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांत जातात का पाहा. मग ओठ उलटून, दोन्ही गाल ताणून, आणि जिथे विडा किंवा तंबाखू धरायची सवय आहे ती खोबण आवर्जून. जीभ रुमालाने धरून दोन्ही कडा, मग जिभेखाली, मग टाळू. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, कारण नसताना हललेला दात यांपैकी काहीही दिसलं तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त गंभीर. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला दुखतच नाही.

शेवगा

आणि 'तपासण्या म्हणजे डॉक्टरांचा धंदा' हा दावा?

खोबण

त्याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी केली, दर दोन वर्षांनी. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का पाहायचं. वीज लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही.

डोंगरकुस

सगळ्यांचे मनापासून आभार. एक प्रश्न राहतो. "करून बघायला काय हरकत आहे, नाहीतरी केमो कधीही घेता येईल" असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

प्रयोगवही

'कधीही' हाच शब्द धरा. अमेरिकेत २०१८ साली एक तुलना छापली गेली. बरे होण्याजोग्या टप्प्यावर असूनही फक्त पर्यायी उपचार निवडलेले २८१ रुग्ण एका बाजूला, तसेच पण नेहमीचे उपचार घेतलेले ५६० दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त, आणि हाच आजार लवकर धरला तर उत्तम बरा होणारा. गाठ स्तनात असताना शस्त्रक्रियेने काढता येते; तीच हाडांत पोचली की उपचार असतात, पण ती पूर्ण काढून टाकता येत नाही. भांडू नका. "काढा घे, पण आधी डॉक्टरांना दाखव आणि शस्त्रक्रियेची तारीख हलवू नकोस" एवढं मान्य करून घेता आलं तरी पुष्कळ.

काचपट्टी

सहमत. आणि दुसरं मत घ्यायचं असेल तर बायोप्सी पुन्हा करावी लागेल ही भीतीही त्यामागे असते. बहुधा लागत नाही. जिथे तपासणी झाली तिथून काचपट्ट्या (स्लाइड) आणि ब्लॉक मागा. तो रुग्णाचाच नमुना आहे.

डोंगरकुस

ब्लॉक म्हणजे नेमकं काय हातात येतं?

काचपट्टी

मेणाची छोटी वडी, प्लॅस्टिकच्या चौकटीत, आत तुकडा. चौकटीच्या कडेला नंबर असतो, तो रिपोर्टवरच्या नंबराशी तिथल्या तिथे जुळवा. पोचपावती घ्या. काचपट्ट्या खोक्यात किंवा कापसात, सुट्या नकोत. ब्लॉकला फ्रिज लागत नाही, पण एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. हातातल्या पिशवीत, सावलीत न्या.